रविवारपर्यंत

माघ लागला की वाईच्या बाजूच्या शिवारात हळद शिजायला लागते. मोठमोठ्या कायलींत ओली हळकुंडं, वर पाला आणि पोती झाकलेली, खाली पाचटाचा जाळ, आणि त्यातून उठणारा तो कडवट, मातकट, जरासा औषधी वास. मी साताऱ्याहून धाकट्या जावेकडे वाईला जाते तेव्हा पाचवड ओलांडलं की तो वास एस.टी.च्या खिडकीतून आत येतो. शेजारी बसलेली बाई म्हणते, किती छान वाटतं नाही? मी मान हलवते. पण हात आपोआप पदराकडे जातो आणि मी पायांखाली बघते. बसच्या पत्र्यावर, सीटखाली, कोपऱ्यात. पन्नासाहून जास्त वर्षं झाली, तरी बघते. काही नसतं. तिकिटांचे चिटोरे असतात, शेंगांची टरफलं असतात. मग मी मान वर करते.

यंदा इथल्या एका मंडळानं जुन्या नाट्यपदांचा कार्यक्रम ठरवला आहे. त्यांच्यातली एक मुलगी मागच्या आठवड्यात घरी आली. फार आर्जवी मुलगी. सांगलीच्या त्या जलशात गायलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे, तर त्याची आठवण लिहून द्या, असं म्हणाली. ती आठवण मी यापूर्वी दोनदा लिहून दिली आहे. दोन्ही वेळा छापून आली, लोकांना आवडली. गच्च भरलेलं नाट्यगृह, आण्णांचा ऑर्गन, ज्ञानूबापूंचा आवाज, सगळं त्यात होतं. फक्त त्या आठवड्यातला मंगळवार त्यात नव्हता.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. लढाई चालू होती. साखर, रॉकेल, कापड सगळं मापानं मिळायचं. आई माझ्या लहानपणीच गेलेली. घरात आण्णा आणि मी. आण्णा, म्हणजे माझे वडील, एका नाटक कंपनीत बावीस वर्षं ऑर्गन वाजवत गावोगाव हिंडले होते. बोलपट आले, कंपनी मोडली, आणि आण्णा सांगलीला परत येऊन चार-सहा मुलींना गाणं शिकवू लागले. स्वतःचा ऑर्गन त्यांनी माजघरात ठेवला होता, पण त्यावर जुनी चादर घातली ती घातलीच. मी तिच्यावर वाळलेले कपडे घड्या करून ठेवायची. आण्णा कधी रागावले नाहीत, आणि त्यांनी रागवावं असं मला फार वाटायचं.

सांगलीला आपल्या नाटकांचा मोठा अभिमान. गल्लीत एखादा तरी म्हातारा असा असायचा, की सकाळी दात घासताना तो सुरू झाला की शेजारच्या बायका हातातलं काम थांबवत. पण नाट्यगृहात आता आठवडाभर बोलपट लागत. तेव्हा गावातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी ठरवलं, की सांगलीच्या रंगभूमीवर गाजलेली पदं एका दुपारी एकत्र गायची, आणि ज्यांनी ती त्या काळी गायली त्यांच्याच तोंडून. माणसं हयात आहेत तोवर. सगळी जुळवाजुळव त्यांनी आण्णांवर सोपवली. त्या दिवशी घरी आल्यावर आण्णांनी ऑर्गनवरची चादर स्वतः काढली, अंगणात झटकली आणि घडी करून माझ्या हातात दिली. 

या गायकांत सगळ्यात मोठं नाव ज्ञानूबापूंचं. कडेगावकडचे शेतकरी. तरुणपणी कंपनीत नायिकेच्या भूमिका करायचे, आणि त्यांनी निरोपाचं पद म्हटलं की थेटरात हुंदके ऐकू यायचे म्हणे. आता साठीला आलेले, पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका, घरी ऊस. थोरला मुलगा पलटणीत, समुद्रापलीकडे कुठेतरी. तीन-तीन महिन्यांनी त्याचं पत्र यायचं. ज्ञानूबापू तालमीसाठी आठ दिवस आधी आले. आण्णांनी त्यांना आमच्याकडेच राहा म्हणून फार आग्रह केला. पण ते म्हणाले, थेटराच्या रंगपटातच पथारी टाकतो, तिथं तरुणपण गेलंय, मला तिथंच झोप लागेल.

थेटरात मागच्या अंगाला एका खोलीत राखणदार मारुती आणि त्याची बायको सोना राहायची. मारुती मेढ्याकडचा, जावळीच्या डोंगरातला. दारावर उभा राहणं, दिवे बघणं हे त्याचं काम, झाडलोट सोनाचं. तिशीची असेल ती. उंच, काटक, फार कमी बोलायची. पंधरा वर्षं त्या थेटरात राहून तिनं एकही खेळ बसून बघितला नव्हता, असं मारुती एकदा हसत म्हणाला होता. खेळ सुरू झाला की मागचं अंगण, खेळ संपला की पुढचं थेटर.

त्या हिवाळ्यात गाव हळू आवाजात बोलायला लागलं होतं. पौषातच माधवनगरला दोन घरं रिकामी केल्याचं कानावर आलं. मग पेठेतल्या गुदामांत उंदीर पडू लागल्याची कुजबुज सुरू झाली. आजच्या पोरांना हे शब्द कळायचे नाहीत. उंदीर पडू लागले म्हणजे प्लेग आला. काखेत नाहीतर जांघेत गाठ, सणकून ताप, आणि दोन-तीन दिवसांत माणूस जायचं. घरात उंदीर मरून पडला की त्या घरानं बाहेर पडायचं, शेतात खोपट घालून राहायचं, ऊन तापेपर्यंत परतायचं नाही. ज्यांना अनुभव होता ते कुणाच्या सांगण्याची वाट बघत नव्हते. मिरजेच्या रस्त्यानं सकाळी एखादी गाडी जाताना दिसायची, तिच्यावर खाट, घागरी, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि तोंड पदरात घेतलेली बाई. सकाळी नळावर बायका एकमेकींना आधी विचारायच्या, तुमच्याकडं काही? दुसरी म्हणायची, अजून नाही. त्या ‘अजून’वर दोघी घागरी उचलायच्या. आणि सगळ्यांवर हरिपूरच्या बाजूनं तो हळदीचा वास पसरलेला.

दवंडी मात्र पिटली नव्हती. एकदा ती पिटली की जत्रा, बाजार, थेटर सगळं बंद होणार हे ठाऊक होतं. म्हणून जलसा पंधरा दिवस अलीकडे घेतला. माघातला रविवार, दुपारी दोन वाजता. दुपार अशासाठी, की रॉकेल नव्हतं आणि खेड्यांतल्या गाड्यांना दिवस असतानाच परतायचं होतं. आण्णा रोज म्हणायचे, एवढा रविवार पार पडू दे.

मंगळवारी तिसऱ्या प्रहरी मारुती आमच्या परसदारी आला. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. दार अर्धं उघडं होतं. आण्णा बाहेर आले, तसा मारुती दोन पावलं मागे सरला आणि खाली बघून म्हणाला, “आण्णा, स्टेजच्या खालती उंदरं पडल्यात. तीन गावली. सोनानं बघितली आदी.”

आण्णांनी विचारलं, अजून कुणाला सांगितलंस? त्यानं मान हलवली. तो थेट इकडेच आला होता. मग अंगरख्याचं टोक चाचपत म्हणाला, बायकोला घेऊन रानात खोपट घालतो, तेवढी परवानगी द्या. जलशाला मी दारावर येईन, पण तिला तिथं ठेवत नाही.

 चहाचं पाणी उकळून वर आलं, तरी मी ते उतरवलं नाही. मग मला त्यांचा आवाज ऐकू आला. नेहमीचाच, मऊ.

“रविवारपर्यंत थांब, मारुती. तुम्ही आज बाहेर पडलात की गावाला कळलंच. आणि सोना गेली तर थेटराची झाडलोट कोण करणार? सोमवारी खुशाल जा.”

मारुती म्हणाला, “व्हय.” एवढंच. मग आण्णा आत आले, आमच्या वाटणीची रॉकेलची बाटली घेतली आणि त्याच्या हातात दिली, उंदीर जाळायला. मला दारात बघून क्षणभर थबकले.   मी चहा गाळला. तो कडू झाला होता, पण आम्ही दोघांनी प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी मला दवाखान्यात नेऊन प्लेगची लस टोचून आणलं. स्वतः टोचून घेतलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, हात सुजला तर वाजवणार कसं? त्या वेळी मला ते खरं वाटलं. पुढे वाटलं, त्यांनी मनाशी काही हिशेब केला असेल, की मी दुसऱ्यांना जिथं ठेवतोय तिथं स्वतःही उभा राहीन. पण माझ्या दंडावर सुई लागली होती आणि सोनाच्या लागली नव्हती, या गोष्टीला त्या हिशेबात कुठं जागा होती, ते मला अजून कळत नाही.

मी का बोलले नाही? जलशाच्या मंडळींत एक डॉक्टर होते, आमच्या घरापासून चार घरं सोडून राहायचे. त्यांना जाऊन सांगणं पाच मिनिटांचं काम होतं. आण्णांना घाबरून मी गप्प बसले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. जलशात तिसरं पद माझं होतं. लग्न न झालेल्या चांगल्या घरच्या मुलीनं त्या स्टेजवर उभं राहून गावापुढे गायचं, याला नातलगांतली दोन घरं चिडून आमच्याकडे यायची बंद झाली होती. मला त्याचा आनंदच झाला होता. सुती का होईना, पण नवी मोतिया रंगाची साडी आणली होती. रात्री डोळे मिटले की मला पडदा वर जाताना दिसायचा. जलसा मोडला तर तो पुन्हा होणार नाही, आणि पुढच्या वर्षी मी कुणाच्या तरी घरात भाकऱ्या थापत असेन, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला गायचं होतं. म्हणून मी गप्प बसले.

गुरुवारी तालमीला गेले तेव्हा सोना स्टेजवर पाणी शिंपडत होती, माझ्या घशात धूळ जाऊ नये म्हणून. ओणवी होऊन, कोपऱ्याकोपऱ्यात हात घालून तिनं सगळं झाडून काढलं होतं. माझा दंड सुजून लाल झाला होता. तिचं लक्ष गेलं. तिनं विचारलं, “ताई, हाताला काय झालं वं?”

मी म्हटलं, गांधीलमाशी चावली.

ती आत गेली आणि वाटीत हळद कालवून घेऊन आली. माझ्या दंडाला तिनं ती हलक्या हातानं लावली.

शुक्रवारी मागच्या अंगणात पुन्हा धूर दिसला. रॉकेलचा वास येत होता, आणि त्यात दुसरा एक वास. ज्ञानूबापू रंगपटात बसून सूर लावत होते. धुराकडे बघून ते क्षणभर थांबले, खाकरले आणि पुन्हा त्याच स्वरावर आले. आण्णा त्या दिवशी फार चुका करत होते. ज्या पदांवर त्यांनी आयुष्य घालवलं त्यांच्या जागा त्यांना सापडत नव्हत्या.

रविवारी बारापासूनच गाड्या यायला लागल्या. मिरज, तासगाव, कुठकुठल्या गाड्या. गावावर सावट होतं, तरी लोक आले. कदाचित म्हणूनच आले. पुढे खुर्च्यांवर पागोटी आणि कोट, मागे सतरंज्यांवर खेड्यातली माणसं, एका बाजूला बायका. अत्तराचा, बुक्क्याचा, घामाचा वास. आण्णांनी ऑर्गनवर पहिला सूर धरला आणि एवढं मोठं थेटर एकदम शांत झालं. त्या शांततेत मी पायांखाली बघितलं. फळ्यांना फटी होत्या. खाली काळोख होता.

दुसरं पद ज्ञानूबापूंचं. पटका, मिशा, धोतर अशा वेषात ते उभे राहिले तेव्हा मागून कुणीतरी हसलं. त्यांनी पदर सावरल्यासारखा हात खांद्याकडे नेला आणि डोळे उचलले, आणि साठ वर्षांचा शेतकरी तिथं उरला नाही. निरोपाचं पद त्यांनी फार सावकाश म्हटलं. आवाज वरच्या षड्जाला चिरला, तसाच चिरलेला त्यांनी धरून ठेवला. बायकांच्या बाजूला रडणं सुरू झालं. मुलगा पलटणीत असलेल्या तिथं आणखीही पुष्कळजणी होत्या.

मग मी. भीमपलास. पहिली ओळ म्हणेपर्यंत मला काही दिसत नव्हतं. दुसऱ्या ओळीला भीती गेली आणि इतकं सुख वाटलं, की ते सांगता येणार नाही. पुढच्या सगळ्या आयुष्यात तसं पुन्हा वाटलं नाही. अंतऱ्याला मी मान वळवली आणि उजव्या विंगेत सोना दिसली. खांबाला टेकून उभी. डावा हात उजव्या काखेत घट्ट दाबलेला, आणि दुपारच्या त्या उकाड्यात डोक्यावरून पदर गच्च ओढून घेतलेला. चेहऱ्यावर घाम. माझ्या मनात एक गोष्ट आली. गाता गाता, तालात, ती अगदी स्वच्छ शब्दांत आली. मी मान परत लोकांकडे वळवली.

वन्स मोअर मिळाला. मी ते पद पुन्हा म्हटलं, आणि दुसऱ्या खेपेला जास्त चांगलं म्हटलं.

संध्याकाळपर्यंत सोनाच्या अंगात सणकून ताप भरला. सोमवारी सकाळी डॉक्टरांनी काखेतली गाठ बघितली आणि दुपारी दवंडी पिटली. तिला गावाबाहेरच्या झोपडीत हलवलं. बुधवारी ती गेली. त्या आठवड्यात पेठेत आणखी सहा-सातजण गेले आणि सांगली रिकामी झाली.

आमचं खोपट हरिपूरच्या रस्त्यालगत एका शेतात होतं. शेजारी दहा-वीस खोपटी, तिथं गावातलीच मंडळी. संध्याकाळी एकत्र बसली की जलशाचा विषय निघायचा. काय रंगला होता, आणि नशीब केवढं, की हे सगळं सुरू व्हायच्या आधी पार पडला. असं कुणी म्हणालं की आण्णा उठून जायचे, उसाच्या बांधावर एकटे उभे राहायचे. एके दिवशी सकाळी मला म्हणाले, मालू, चल. आम्ही मारुतीच्या खोपटाकडे गेलो. तो चुलीपुढं बसला होता. आण्णा खाली मातीत बसले. त्यांना तसं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. ते म्हणाले, मारुती, तू जातो म्हणाला होतास. मी थांबवलं. सोना माझ्यामुळं गेली.

मारुतीनं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, “म्याबी थांबलोच की, आण्णा.”

चैत्रात लोक घरी परतले. घरं पांढरी करून घेतली, उन्हात कपडे वाळत घातले. मंडळींच्या बैठकीत आण्णांनी उभं राहून मंगळवारची सगळी गोष्ट सांगितली. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग डॉक्टरच म्हणाले, आण्णा, आता झालं ते झालं, गावात पेठेतूनही आलाच होता, कशानं कुणाला झालं कोण सांगणार. इतिवृत्तात तेवढा भाग लिहिला नाही. आण्णांनी मात्र पुढे विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही ते सांगितलं. शिकवणीच्या दोन मुली त्यामुळे यायच्या थांबल्या. तरी ते सांगत राहिले.

त्याच महिन्यात ज्ञानूबापू गुळाची ढेप घेऊन भेटायला आले. त्यांना काहीही झालं नव्हतं. आण्णा बाहेर गेले होते, म्हणून मी त्यांच्यापाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं, डॉक्टरांचं घर, टोचणं, गांधीलमाशी. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, “पोरी, म्याबी बघितला हुता. आल्याच्या दुसऱ्या दिशी, कपड्याच्या पेटीमागं. शेपटीला धरला आन् भाईर नाल्यात टाकला. कुनाला बोललो न्हाई.” मग म्हणाले, “लोकं मला पुन्ना एकदा ऐकनार हुती.”

आम्ही तिघं होतो तर. तिघांना गाणं हवं होतं, आणि तिघांच्याही केसाला धक्का लागला नाही.

वैशाखात मारुतीनं थेटराची नोकरी सोडली. मेढ्याला भावाकडं जायला निघाला, तेव्हा निरोप घ्यायला आमच्याकडे आला. आण्णा आत त्याच्यासाठी धोतरजोडी काढत होते. मी त्याला पाणी दिलं. तांब्या हातात धरून तो उभाच राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, एक इचारू? जलशाच्या दिशी मीच तिला म्हनलं हुतं, येक दिस तरी हुबी ऱ्हाऊन ऐक. मी दारावर हुतो, मला दिसली न्हाई ती. ऐकत हुती का वं, तुमचं गानं?”

मी म्हटलं, “हो. ऐकत होती. शेवटपर्यंत.”

त्याचा चेहरा सैल झाला. “मग बरं,” तो म्हणाला, पाणी प्याला, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि साताऱ्याच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघाला.

ती ऐकत होती की नाही, मला माहीत नाही. मी तिच्याकडे पुन्हा बघितलंच नव्हतं.